अंगठ्याला बांधलेलं घुंगूर

काट्यावर ट्रक उभा होता. वाशिंदला एका कारखान्याच्या फाटकाजवळ वजनकाटा आहे. तिथे मी गेली बावीस वर्षं भरल्या आणि रिकाम्या गाड्यांची वजनं घेतो. आकडा स्थिर होईपर्यंत मी फोन उचलत नाही, हे घरच्या सगळ्यांना माहीत आहे. त्या सकाळी फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मग मात्र आकडा तसाच नाचता सोडून मी तो घेतला. पलीकडे रखमा होती, माझ्या मेहुण्याची, काशिनाथची बायको. ती रडत नव्हती, पण तिचा आवाज घाबरलेला होता. म्हणाली, "दाजी, घुंगूर सारखं वाजतंय... आन् ह्ये काय बोलत नायत."

बाहेरच्या माणसाला या वाक्यातून काहीच कळणार नाही. मला मात्र सगळं कळलं. काटा सोबत्याच्या हवाली केला आणि मोटारसायकल काढली. शहापूर, किन्हवली, सरळगाव, आणि पुढे मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या अंगाला डोंगराखाली असलेली त्यांची वाडी. हा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी तो संपतच नव्हता. पोचलो तेव्हा काशिनाथ थंडीतापाने थडथडत होता. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. आम्ही त्याला दवाखान्यात हलवलं आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. चोपन्न वर्षांचा होता, माझ्याहून एका वर्षाने लहान. त्याला आता सहा आठवडे होतील. रखमाच्या त्या वाक्याचा अर्थ सांगायचा तर मला आठ वर्षं मागे जावं लागेल, आणि माणसाचा मेंदू अंगाला कसा हुकूम देतो त्याबद्दलही थोडं सांगावं लागेल. मी डॉक्टर नाही. आम्हाला जे समजावलं गेलं आणि जे मी डोळ्यांनी पाहिलं, तेवढंच लिहितो.

काशिनाथ म्हणजे माझ्या बायकोचा, सुमनचा, थोरला भाऊ. घरची भातशेती, आणि हिवाळा सरताना कवळ तोडण्याचं काम. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात भाताचं बी पेरायच्या आधी तेवढी जमीन भाजून घेतात, त्याला राब म्हणतात. त्यासाठी शेण, पालापाचोळा, गवत आणि झाडाच्या पानांसकट तोडलेल्या फांद्या लागतात. त्या फांद्या म्हणजे कवळ. दरवर्षी तोडून तोडून आमच्याकडच्या ऐनाच्या झाडांचा आकारच बदललेला असतो. नुसता उंच खांब आणि त्याला जागोजाग पाल्याचे झुपके. त्या खांबावर काशिनाथ चढायचा. कमरेला आकडी, आकडीत कोयता. वर गेला की एका पायावर भार, दुसरा पाय नुसता टेकवलेला, डाव्या हाताने फांदी धरलेली आणि उजव्या हाताने घाव. हे सगळं चालू असताना खाली माझ्याशी गप्पा. फांदी तोडण्याआधी वरून विचारायचा, "दाजी, हिचं वजन किती भरंल सांगा बगू." मी अंदाज सांगायचा, तो फांदी खाली सोडायचा, आणि मी ती हातात तोलून पाहिली की वरून हसायचा. वाडीतली माणसं म्हणायची, ह्या दोघांना एकत्र सोडू नका, झाडाचंसुद्धा बिल करतील.

आठ वर्षांपूर्वी माघात तो पडला. फांदी मोडली नाही, पाय घसरला नाही. पाल्यात लाल मुंग्यांचं घरटं होतं, ते त्याच्या डाव्या हाताखाली आलं. मुंग्या मनगटाला डसल्या आणि हात मागे आला. पुढे त्याने ही गोष्ट मला पुष्कळदा सांगितली आणि दरवेळी एकाच शब्दांत सांगितली. "मी हात नाय सोडला, दाजी. हातानं सोडलं. मला कळलं तवा मी हवेत व्हतो."

खालच्या माणसांनी जे केलं ते तिथे कोणीही केलं असतं. डोंगरावरून आजारी माणूस रस्त्यापर्यंत आणायची एकच रीत त्या भागात आहे. चादरीची झोळी, झोळीतून घातलेला बांबू, आणि बांबूला चार खांदे. बाळंतिणी, सापाने डसलेले, म्हातारे, सगळे असेच खाली येतात. त्यांनी काशिनाथलाही तसाच आणला. झोळीत माणूस वाकतो, आणि मोडलेली पाठ वाकवायची नसते, हे आम्हाला नंतर मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात कळलं. त्यामुळे किती जास्त नुकसान झालं, काही झालं की नाही, हे सांगता येत नाही असं तिथले डॉक्टर म्हणाले. काशिनाथने हा विषय कधी कोणाला काढू दिला नाही. पण घरी आल्यावर पहिलं काम त्याने हे केलं की सागाची एक सरळ, माणसाएवढी फळी बनवून घेतली, तिला पट्टे लावले आणि ती वाडीच्या मारुतीच्या देवळात उभी करून ठेवली. कोणी पडला तर ह्याच्यावर, असं ज्याला त्याला सांगितलं. ती फळी अजून तिथेच आहे. दोनदा वापरली गेली.

छातीच्या मणक्यांतला दहावा मणका फुटला होता. शस्त्रक्रिया झाली, पाठीत सळ्या आणि स्क्रू बसवले. बेंबीखाली काहीच हलत नव्हतं, काही कळतही नव्हतं. फिजिओथेरपीच्या एक मॅडम होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी एका दुपारी मला आणि रखमाला खाटेशी बसवून सगळं सांगितलं. हात किंवा पाय हलवायचा हे डोक्यात ठरतं. मेंदूच्या पृष्ठभागावर एक पट्टा आहे, तिथे अंगाच्या प्रत्येक भागाची जागा ठरलेली आहे. बोटांना आणि ओठांना मोठी जागा, पाठीला थोडी. तिथून हुकूम निघतो, मेंदूच्या तळाशी बाजू बदलतो, म्हणजे डाव्या मेंदूचा हुकूम उजव्या अंगाकडे जातो, आणि मणक्यांच्या पोकळीतून जो दोर खाली आला आहे, त्या मज्जारज्जूतून उतरतो. ज्या स्नायूला काम सांगायचं असेल त्याच्या पातळीला आला की दोरातल्या दुसऱ्या पेशीच्या हाती हुकूम दिला जातो, आणि तिचा धागा बाहेर पडून स्नायूपर्यंत जातो. काशिनाथचा मेंदू शाबूत आहे, पायाचे स्नायू शाबूत आहेत, स्नायूकडे जाणारे धागेही शाबूत आहेत. मधला दोर दहाव्या मणक्यापाशी चेंगरला आहे. काही धागे वाचले असतील तर कालांतराने कळेल.

आणखी एक गोष्ट मॅडमनी सांगितली. तेव्हा आम्हाला ती फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. पाठीचा दोर नुसता निरोप्या नाही, त्याला स्वतःचंही थोडं डोकं आहे. तापल्या तव्याला बोट लागलं की हात मागे येतो, तो निर्णय दोरातच होतो, मेंदूला नंतर कळवलं जातं. शाळेत आपण त्याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून पाठ केलेलं असतं. मुंग्या डसल्यावर काशिनाथचा हात सुटला तो असाच. मेंदूचा या क्रियांवर एरवी धाक असतो. पण वरचा संबंध तुटला की काही आठवडे खालचं सगळं गप्प पडतं आणि मग दोर आपल्या मनाने वागायला लागतो. पाय झटके देतील, आखडतील, उडतील. "तेव्हा हुरळून जाऊ नका," मॅडम म्हणाल्या. "पाय हलणं वेगळं आणि त्यांनी पाय हलवणं वेगळं. फरक बघायचा असेल तर एकच करा. त्यांना आधी 'आता' म्हणू द्या, आणि मग हलतो का बघा."

मला हे चटकन समजलं, कारण माझा धंदा तसा आहे. एकदा आमच्या काट्याची केबल उंदराने कुरतडली होती. काट्यावर गाडी नसायची आणि पडद्यावर आकडे नाचायचे. मी ते काशिनाथला सांगितलं. तो छताकडे बघत पडला होता. म्हणाला, "म्हंजे गाडी नाय, आन् आकडा हाय."

घरी आणला तेव्हा पाय लोण्यासारखे लुळे होते. माझ्या सासूबाई, त्यांना सगळी वाडी आये म्हणते, त्या वेळी सत्तरीला आल्या होत्या. नवरा तरुणपणी गेलेला, दोन मुलं, त्यांतली सुमन लग्न होऊन वाशिंदला आलेली. त्या दिवसभर काशिनाथच्या पायांना कोमट तेल चोळत बसायच्या. त्यांनी देवीला नवस केला आणि मिठाचं खाणं सोडलं. पाय हालेल त्या दिवशी मीठ खाईन, असं म्हणाल्या. आणि तिसऱ्या महिन्यात एका सकाळी त्यांनी पायावरची गोधडी ओढली तर डावा पाय गुडघ्यात वाकून वर आला.

वाडीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. फोनवर सुमनशी बोलताना आये रडत होत्या, "हालला गो, माज्या डोळ्यांदेखत हालला." त्या दिवशी त्या मीठ घालून जेवल्या. मग त्यांनी जे केलं ते त्यांनाच सुचलं असतं. गोठ्यात पूर्वीच्या बैलाची घुंगुरमाळ टांगलेली होती. तिच्यातलं एक घुंगूर सोडवून त्यांनी काशिनाथच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला दोऱ्याने बांधलं. म्हणजे चुलीपाशी असल्या, गोठ्यात असल्या, तरी पाय हालला की कळावं. आणि पाय तर वरचेवर हालत होता. गोधडी लागली की, खाट हलली की, कधी काहीच न होता. घुंगूर वाजलं की आये हातातलं टाकून येत, पायाला हात लावून कपाळाला लावत. रखमा भाकरी थापता थापता थांबायची. शेजारपाजारचे दारातून डोकावायचे. सुमन आणि मी गेलो तेव्हा तासाभरात मला त्या घरात बसवेना. सगळे बोलायचे, पण कान घुंगराकडे. मध्येच शांतता पडली की कोणीतरी खाटेकडे बघायचं. आणि काशिनाथ... तो भिंतीकडे तोंड करून असायचा.

आयेंचे भाऊ, म्हणजे मामा, मोठे कर्ते गृहस्थ. त्यांनी ठरवलं की दोर मोकळा होतोय, आता नुसता अडकलाय, तो कोणीतरी सोडवला पाहिजे. त्यांच्या माहितीतला एक हाड बसवणारा होता. पाठीवर गुडघा देऊन, खांदे मागे ओढून मणका जागेवर आणतो अशी त्याची ख्याती होती. रविवारी जीप सांगितली. रखमाने मला फोन करून विचारलं, दाजी, पाठीत सळ्या असताना चालतं का असं? मी मॅडमना फोन लावला. त्यांनी एवढंच सांगितलं की सळ्या उखडल्या तर उरलेसुरले धागेही जातील, आणि कदाचित माणूसही. मी ते मामांना सांगितलं. मामा म्हणाले, जावयबापू, तुमचा काटा तिकडं वाशिंदला, पाय हिकडं हालतोय. आयेंनी तर माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांच्या दृष्टीने मी त्यांच्या मुलाचा हालता पाय काढून घ्यायला आलो होतो.

शनिवारी काशिनाथचा फोन आला. "दाजी, उद्या सकाळी या. जीप यायच्या आदी. काटा घ्यून या," असं म्हणून तो हसला, पण ते हसणं बरं नव्हतं.

मी पोचलो तेव्हा आये पाण्याला गेल्या होत्या. काशिनाथने मला खाटेशी वाकायला सांगितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "पाय हालतो, दाजी. मी नाय हालवत." हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो रोज भिंतीकडे तोंड करून तेच करून बघत होता. हुकूम सोडायचा आणि वाट बघायची. म्हणाला, हुकूम सुटतो हे मला कळतं, दाजी, पूर्वी सुटायचा तसाच सुटतो. पुढं कुठं जातो ते कळत नाय. आणि मी गप्प असतो तवा घुंगूर वाजतं. मी विचारलं, मग आयेला सांगितलं का नाही? तर म्हणाला, ती मीठ खायला लागली ना... एवढंच. त्याची इच्छा होती की मी सांगावं. मी म्हटलं, माझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा? पाय तुझा आहे. तुलाच सांगावं लागेल, आणि सगळ्यांसमोर दाखवावं लागेल. मॅडमनी सांगितलेली रीत आहे. त्याने तोंड भिंतीकडून दाराकडे वळवलं. मग म्हणाला, "जीपवाला बाहेर थांबू दे जरा."

आये आल्या, मामा आले, शेजारची चार माणसं दाराशी आली. जीप अंगणात उभी होती, ड्रायव्हर इंजिन बंद करायला तयार नव्हता. काशिनाथने पाठीमागे उशी लावून घेतली आणि आईला जवळ बोलावलं. "आये, तू पायाकडं बघ. मी 'आता' बोलीन. माज्या बोलण्यावर वाजलं तर पाय माजा. मंग जीपमधी मी सोता बसंन. आन् नाय वाजलं तर जीप परत जाईल."

मामा म्हणाले, हा काय पोरखेळ. आये म्हणाल्या, बोल तू, मी बघते.

"आता," काशिनाथ म्हणाला.

त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. हात खाटेच्या काठाला आवळलेले, बोटं पांढरी पडली. कपाळावर घाम आला. ऐनावर चढताना मी त्याला शेकडो वेळा पाहिलं असेल, पण इतका जोर लावताना पाहिलं नव्हतं. आणि बेंबीखाली तो माणूस लाकडासारखा पडून होता. घुंगूर वाजलं नाही. आये म्हणाल्या, जोर लाव बाळा. तो पुन्हा म्हणाला, "आता." पुन्हा तेच. बाहेर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. का केलं कोणास ठाऊक, पण ती शांतता अजून माझ्या कानात आहे. तिसऱ्यांदा "आता" म्हणताना त्याचा आवाज फाटला.

"लाव रे जोर," आये म्हणाल्या.

"लावला, आये. हाय तेवढा सगळा लावला."

त्यांना ते सहन झालं नाही. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी गोधडी ओढून त्याचे पाय झाकायला घेतले. गोधडीची किनार तळपायाला लागली आणि डावा पाय उसळला. घुंगूर खणखणून वाजलं. मामा पुढे झाले, "हालला ना! हा काय हालला!"

काशिनाथ आता धापा टाकत होता. म्हणाला, "हालला, मामा. पण मला इचारून नाय हालला." मग आईकडे वळला. स्वतःचा तळहात छातीवरून खाली नेत बेंबीपाशी थांबवला. "आये, मी हितपत्तूर. खालचे दोगं भाडेकरू हायेत. ऱ्हातात माज्याकडं, पण माजं ऐकत नायत."

दाराशी कोणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. आये हसल्या नाहीत. त्या मुलाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, पायाकडे नाही. त्या दिवसापर्यंत त्या सगळा वेळ पायाकडेच बघत होत्या, हे मला तेव्हा जाणवलं. थोड्या वेळाने भावाला म्हणाल्या, दादा, जीप घ्यून जा. मामा रागावून गेले. वर्षभर बोलत नव्हते, मग आपणहून आले. आये अंगठ्याचा दोरा सोडायला वाकल्या तेव्हा काशिनाथने त्यांना थांबवलं. म्हणाला, राहू दे. आता माज्या कामाला यील.

आणि ते आलं. पायात स्पर्श कळत नसल्यामुळे हुकूम पोचला की नाही हे त्याला आतून समजायला मार्ग नव्हता. उताणं पडलं की अंगठा दिसायचा नाही. तेव्हा घुंगूरच त्याला सांगणार होतं. दवाखान्याच्या फेऱ्या चालू राहिल्या. हातांनी स्वतःला उचलून खुर्चीत बसायला तो शिकला, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंग वळवायला शिकला, ओट्यावर बसून कोयत्यांना मुठी बसवून द्यायला लागला. मुरबाडच्या बाजारापर्यंत त्या मुठी जायच्या. पण रोज सकाळी पहिला चहा झाला की आधी तो सराव. घुंगूर बांधून घ्यायचं, डोळे मिटायचे, "आता" म्हणायचं आणि ऐकायचं. मध्ये पाय आपल्या मनाने उडाला, घुंगूर वाजलं, तर ते मोजायचं नाही. आयेंनीही हा नियम उचलला. आधी शब्द, मग घुंगूर. शब्दाशिवाय वाजलं तर त्या चुलीपासून मान वळवत नसत. दीड वर्ष नुसता शब्दच ऐकू यायचा.

मग एका सकाळी शब्दामागून घुंगूर वाजलं. अगदी बारीक, दाणा पडल्यासारखं. काशिनाथने आठवडाभर कोणाला सांगितलं नाही, आणि आयेंनी ऐकलं होतं तरी त्याही काही बोलल्या नाहीत. दोघंही एकमेकांपासून ते लपवत राहिले. पुन्हा एकदा पोळायचं नव्हतं कोणालाच. मग मला फोन आला, दाजी, या. मी गेलो, त्याच्याकडे पाठ करून बसलो. सांगितलं, तुला वाटेल तेव्हा 'आता' म्हण, मधे मधे मुद्दाम बराच वेळ गप्प राहा. तो वीस वेळा बोलला. चौदा वेळा घुंगूर वाजलं. गप्प असताना दोनदा वाजलं. मी वळून बघितलं तेव्हा तो आणि आये दोघंही माझ्याकडे असे बघत होते की जणू मी बोललो नाही तर ते खरं होणार नाही. मी आकडे सांगितले आणि म्हटलं, हे आपोआप होणं नव्हे. हे तुझं आहे.

"चौदा म्हंजे पास ना?" त्याने विचारलं. मग छताकडे बघत म्हणाला, "घर भाडेकरूंच्या ताब्यात गेलं, एक उंबरा ऱ्हायला माजा."

त्या अंगठ्याचा व्यवहारात काही उपयोग झाला नाही, हेही लिहिलं पाहिजे. काशिनाथ चालला नाही, उभा राहिला तो पट्ट्यांच्या आधारानेच. मॅडम म्हणाल्या, थोडे धागे वाचले आहेत, ते अंगठ्यापर्यंत जात आहेत, पुढे काही सांगता येत नाही. पुढे काहीच झालं नाही. पण सहा वर्षं रोज सकाळी त्या घरात "आता" असा शब्द उठायचा आणि मागून घुंगूर वाजायचं. पाहुणा म्हणून गेलो की झोपेतून मी त्या आवाजाने उठायचो. डोक्यात हुकूम निघाला, बाजू बदलली, फुटलेल्या मणक्यापाशी कुठल्यातरी चिंचोळ्या वाटेने सरकला, तळापर्यंत उतरला, आणि अंगठ्यापाशी पोचला. आपण रोज हजारदा हे करतो आणि एकदाही लक्षात येत नाही. मी त्या सकाळनंतर काट्यावर बटण दाबताना कधी कधी माझ्याच बोटाकडे बघतो.

शेवटचं भेटलो ते रखमाच्या फोनच्या साधारण महिनाभर आधी. तो अशक्त दिसत होता. "आता" म्हटल्यावर घुंगूर वाजायला वेळ लागत होता. त्यानेच म्हटलं, उतार हाय दाजी, पोचायला टाइम लागतो... म्हणून त्या सकाळी रखमा म्हणाली, घुंगूर सारखं वाजतंय आणि हे बोलत नायत, तेव्हा मला कळलं. अंगात थंडी भरून पाय उडत असणार, घुंगूर दोऱ्याला तटतट ओढत असणार, आणि हुकूम देणारा बोलत नव्हता. दवाखान्यात सिस्टरनी ते सोडून माझ्या हातात दिलं. तेव्हापासून ते माझ्या खिशात होतं.

दहाव्या-तेराव्याचे दिवस झाल्यावर मी ते आयेंच्या हाती दिलं. त्यांनी ते पुन्हा गोठ्यातल्या माळेत ओवलं नाही. काशिनाथच्या खाटेच्या डोक्याशी, खिडकीच्या खुंटीला, त्याच दोऱ्याने टांगलं. खाट अजून तिथेच आहे, रखमा तिच्यावर धुतलेले कपडे घडी करून ठेवते. मागच्या रविवारी सुमन आणि मी गेलो होतो. दुपारी जेवणं झाली, रखमा भांडी घेऊन मागे गेली होती, आये चुलीपाशी पाठमोऱ्या बसून राख सारखी करत होत्या. आणि घुंगूर वाजलं. बारीकसं, दाणा पडल्यासारखं. सुमनच्या हातातला पेला तसाच राहिला, ती खाटेकडे बघायला लागली. मीही बघितलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मी थांबलो.

आयेंनी मान वळवली नाही.

"वारा हाय गो," त्या म्हणाल्या. "तो आसता तर आदी बोलला आसता."